मटार सोलणाऱ्या बाई

किनारी बाजारच्या गर्दीतून एका बोळात शिरलो आणि गलका एकदम थांबला. जुनी रंगीत दारं, कबुतरं, आणि एका उंबऱ्यावर मटार सोलत बसलेल्या म्हाताऱ्या बाई. पुढे भिंत लागली म्हणून परत फिरलो. दुसऱ्या बोळात शिरलो, तर फिरून पुन्हा त्यांच्याच दारात. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेला माणूस मी. रस्ता विचारीन होय!

तिसऱ्या खेपेला बाई मान वर न करताच म्हणाल्या, "भाईसाहब, आप पूछेंगे नहीं, हम बताएँगे नहीं. बैठिए, मटर छीलिए."

बसलो. माझे दाणे उडून गटारात जाऊ लागले.

"घर में कभी छीले नहीं न?"

"हमारे यहाँ औरतें छीलती हैं," मी म्हणालो.

"दिख रहा है."

मटार संपले तशा त्या उठल्या. "नुक्कड़ तक धनिया लेने जाना है. अकेले डर लगता है, साथ चलेंगे?"

मी ऐटीत सोबतीला निघालो. तीन वळणांनंतर बाजार लागला. कोथिंबीरवाला समोरच होता. त्याच्याकडे न बघताच बाई माघारी वळल्या, एकट्याच.

आभार मानले नाहीत मी. पण तेव्हापासून घरचे मटार मीच सोलतो. कुणी कारण विचारलं तर सांगत नाही.