देव्हाऱ्यातलं तांब्याचं फूल

गेल्या गुरुवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात माझे हातपाय गार पडले... आणि तेही देवासमोर बसलेली असताना. धक्का अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या दिरांचा मुलगा मंदार कॅनडाहून पंधरा दिवसांसाठी आला होता. दिरांची सारखी बदली व्हायची, म्हणून पाचवी ते दहावी तो माझ्याकडेच वाढला. साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या तर एकेक मुंगी बोटावर घेऊन खिडकीत सोडणारा मुलगा!

आल्या आल्या त्याचा जाड कोट मी धुवायला काढला. ड्रायक्लीनला कशाला टाकायचा, घरात रिठे आहेत की! खिसे चाचपले तर आतून एक तांब्याचं फूल निघालं. करंगळीच्या पेराएवढं. चार पाकळ्या मागे वळलेल्या, मधे खळगा, खाली आखूड देठ. मला भरूनच आलं... पोरगं परदेशात खिशात कमळ घेऊन फिरतं!

चिंच लावून लख्ख घासलं आणि देव्हाऱ्यात स्वामींच्या तसबिरीपुढे ठेवलं. मधल्या खळग्यात उदबत्ती अशी नेमकी बसली, की जणू त्यासाठीच केलाय. दहा-बारा दिवस रोज हळदकुंकू वाहिलं. गुरुवारी सगळ्यांनी अक्कलकोटला जायचं ठरलं होतं, तेव्हा ते पादुकांना लावून आणायचं, असंही मनात होतं.

गुरुवारी गाडी यायच्या आधी मंदार बॅग उपसत बसला होता. “काकू, माझी गोळी बघितलीत का?”

एवढ्या तरुण वयात याला काय सुरू झालं? “बीपीची का रे? जेवणाआधीची की नंतरची?”

“औषधाची नव्हे हो. तांब्याची. कोटात होती.”

“तांब्याची? मग वैद्याची असेल.”

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर देव्हाऱ्याकडे गेली. उदबत्तीचा धूर शांतपणे वर चालला होता... “काकू,” तो हळूच म्हणाला, “ती बंदुकीची गोळी आहे.”

हातातली पळी खाली पडली. मग मीच त्याला वाट काढून दिली. “अरे, म्हणजे त्या आकाराचं कीचेन असेल. मिळतात हल्ली तसली.” तो नुसता हो म्हणाला असता तर मी विषय तिथेच मिटवला असता.

“नाही काकू. मी मारलेल्या हरणातनं निघाली आहे.”

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. “तू खातोस?” मी विचारलं.

“खातो. तिकडे रीतसर परवाना मिळतो. एका हरणात आमचा हिवाळा निघतो, वाया काही घालवत नाही. ते तुमच्याकडनंच शिकलो की.” माझी काटकसर कुठल्या कुठे जाऊन पोचली बघा!

आमचे हे पेपरमागून म्हणाले, “एवढी बारा दिवस पूजा केलीस, आता उद्यापन पण कर की.” मी असं बघितलं, की पेपर आणखी वर गेला.

मंदार माझ्यासमोर फरशीवर बसला, दहावीचा निकाल सांगायला बसला होता तसा. पहिल्या वेळी त्याच्याकडे शिशाची गोळी होती. नेम जरासा चुकला. शिसं आत शिरलं की त्याचा चुरा होतो म्हणे, तो कुठवर पसरला ते कळत नाही. हरीण जखमी होऊन पळालं. हा अंधार पडेपर्यंत बर्फात रक्ताचे थेंब बघत फिरला... सापडलं तेव्हा ते जिवंत होतं.

मग काय झालं, ते मी विचारलं नाही.

पुढचं वर्षभर तो शिकारीला गेलाच नाही. तांब्याच्या गोळ्या आणल्या, तर सुरुवातीला त्या कागदावरच्या खुणेच्या आसपाससुद्धा लागेनात. मग बंदुकीची नळी आतून घासून जुन्या गोळ्यांचा थर काढला. वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या लावून बघितल्या, त्यातली एक हलकी मानवली. शंभर पावलांवरून तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागायला लागल्या, तेव्हा कुठे त्यानं पुन्हा जंगलात पाऊल टाकलं.

“ही फुटत नाही काकू, फुलते. आत जाऊनसुद्धा अख्खी राहते. जनावर जागच्या जागी पडलं, तडफडलं नाही. खिशात ठेवतो मी ती... नेमाची पुरती खात्री नसली की हिची आठवण होऊन बोट चापावरून मागे येतं.”

मग उठत म्हणाला, “तुम्ही म्हणाल तर मी मठात येत नाही. बाहेर गाडीत थांबतो.”

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात ‘नकोच येऊ’ आलं होतं. तोंडातून मात्र निघालं, “आंघोळ केली आहेस ना? मग चल. आणि दार ओढून घे.”

मठात तो माझ्या शेजारीच हात जोडून उभा होता. मी स्वामींकडे काय मागितलं, मलाच आठवत नाही. डोळ्यांपुढे सारखा बर्फ येत होता... मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही.

रविवारी तो गेला. येताना कोटातून निभावली, पण जाताना विमानतळावर गोळी सापडली तर पंचाईत, म्हणून ती इथेच ठेवून गेला. देव्हाऱ्यात ती परत ठेवायला माझं मन धजलं नाही, आणि टाकवेही ना. शेवटी खिडकीत ठेवली, तो मुंग्या सोडायचा त्या कोपऱ्यात.

आज पुन्हा गुरुवार. देवाची भांडी घासून झाल्यावर हातात चिंच उरली होती, ती तिलाही लावली. जपाला बसले तेव्हा एक माळ त्या पहिल्या हरणाच्या नावानं केली.

कीचेन आहे म्हणाला असता, तर मी आजही तिच्यात उदबत्ती खोचून बसले असते. काकूला काय वाटेल म्हणून खोटं बोलला नाही पोरगा... त्याला या घरात वाढवलं, त्याचं चीज झालं म्हणायचं.