इंजिन बंद पडलं ते गाव

परदेशी राहून आलेल्या माणसाकडे लोक आधी चॉकलेटं मागतात, मग किस्से. आमची चॉकलेटं लगेच संपली, किस्से मात्र चहागणिक वाढतच गेले. ऐंशीच्या सुमारास नाशिकरोडहून मला डेप्युटेशनवर झांबियात पाठवलं होतं, रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवर आजवर एकालाही ते उच्चारता आलेलं नाही. तिथल्या नगरपालिकेचे मुख्याधिकारी फिरी हे माझे शेजारी.

पालिकेला एकदा गावाचा वर्धापनदिन करायची हुक्की आली. पण गाव इथं वसलंच कशाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी फिरींनी रेल्वेत रूळ बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या पॉइंट्समनला गाठलं.

"गोऱ्या साहेबाचं इंजिन इथं बंद पडलं. पार्ट येईपर्यंत त्यानं झोपडी बांधली."

"मग पार्ट आलाच नाही?"

"आला की. पण तोवर त्यानं लावलेल्या कोबीनं गड्डे धरले होते."

रीतसर ठराव झाला आणि स्टेशनसमोर दगड बसला: 'येथे इंजिन बंद पडले.' दरवर्षी त्याच्यापुढे बँड वाजतो.

रुळांच्या अलीकडे रेल्वेची हद्द, पलीकडे पालिकेची. हद्दीवरच्या दिव्याचा खांब रेल्वेचा, बल्ब पालिकेचा. बल्ब गेला. रेल्वेनं कळवलं, "बदला खुशाल, पण आमच्या खांबाला शिडी टेकवायची नाही." फिरींनी चार माणसांना शिडी नुसतीच सरळ उभी धरायला लावली आणि पाचवा वर चढवला. शिडी झोकांड्या खातेय, खाली रेल्वेचा माणूस खांबाला धक्का लागतोय का ते बघतोय. बल्ब बसला, पण पेटेना. बटण रेल्वेच्या ऑफिसात होतं, आणि तिथला बाबू कुलूप लावून शिडी बघायला आला होता.

नगराध्यक्ष मालगाडीचे गार्ड. त्यामुळे सभा प्लॅटफॉर्मवर, त्यांची गाडी थांबेल तेवढा वेळ. एकदा बाजारातल्या नळावरून वाद पेटला आणि तेवढ्यात गाडीला सिग्नल मिळाला. अध्यक्षांनी सभा संपल्याचं जाहीर केलं नव्हतं, म्हणून सगळे सभासद त्यांच्यामागून गार्डच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये चढले. भांडण मिटलं, ठराव एकमतानं मंजूर झाला: 'नळ येथे बसवावा.' तोवर गाडी पुढच्या गावात पोचली होती. नळ तिथेच बसला. त्या गावानं आभार मानायला माणूससुद्धा पाठवला.

मी परतल्यावर दोन-तीन वर्षांनी फिरी ट्रेनिंगसाठी भारतात आले, तेव्हा आमच्याकडे उतरले. "मला तुमचा कारभार बघायचाय," म्हणाले. सकाळी त्यांना वीज मंडळाच्या कचेरीत ओळखीच्या साहेबांकडे सोडलं आणि मी ड्यूटीवर गेलो. साहेब रजेवर आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. कोट-टाय बघून शिपायानं फिरींना साहेबांच्याच खुर्चीत बसवलं.

थोड्या वेळानं दिंडोरीकडच्या एक विधवा बाई आल्या. विहिरीवरच्या मोटरचं कनेक्शन अडलेलं, द्राक्षाची बाग वाळत चाललेली. कचेरीत खेटे घालून त्या रडकुंडीला आल्या होत्या. फिरींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी खुणेनं बाईंना बसवलं, पाणी दिलं, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठले, बाईंना घेऊन हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले आणि नुसते उभे राहिले. हेडक्लार्कनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा टायकडे, आणि अर्जावर सही करून टाकली.

संध्याकाळी न्यायला गेलो, तर रांग जिन्यापर्यंत. मी शिपायाला बाजूला घेतलं. म्हटलं, "अहो, हे इथले साहेब नाहीत. माझे पाहुणे आहेत."

"ते मला दुपारीच समजलं," तो हळूच म्हणाला. "उद्या दहाला आणून सोडा. लय माणसं राहिलीत."