चिमूटभर डोस

पेन कागदावर टेकलं होतं. डोस दुप्पट करायचा, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

समोर पेठ वडगावची सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. मुलीला इथं श्रेया म्हणते, खरं नाव वेगळं आहे. बारावीतली, हुशार. चार महिने कॉलेज बंद, जेवण नावाला. 'मी नसले तर बरं होईल' असं तिनं मैत्रिणीला लिहिलं आणि त्या शहाण्या पोरीनं ते थेट तिच्या आईला दाखवलं. नुसत्या समुपदेशनावर भागणार नव्हतं, म्हणून मी सोबत अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरचं औषध, सुरू केलं. ही झोपेची गोळी नव्हे, दारूसारखं व्यसनही लावत नाही. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात.

सहा आठवडे झाले होते. फरक शून्य. आई दर भेटीला रिकाम्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायची. एकही दिवस चुकलेला नव्हता. पण साइड इफेक्टही नव्हते, साधी मळमळसुद्धा नाही. हे मला खटकत होतं. मी पेन ठेवलं, ड्रॉवरमधून एक कॅप्सूल काढली आणि आईला म्हटलं, रोज कशी देता ते करून दाखवा.

तिनं सराईतपणे कॅप्सूल पिरगाळली, टरफल बाजूला टाकलं, आतली पूड कागदावर ओतली. त्यातली चिमूटभर ग्लासात टाकली आणि बाकीची कागदात गुंडाळली. हात सवयीनं चालला होता. मग एकदम थांबला. घरी ती पूड स्वयंपाकघरातच दुधात ढवळून आणायची, त्यामुळं श्रेयाही हे पहिल्यांदाच बघत होती.

"टरफल जनावरापासनं करत्यात म्हणं," आई म्हणाली. "आमी जैन. आमाला चालत न्हाय."

"आणि पूड का टाकून देता?"

"या औषधानं पोरांच्या मनात मरायचं इचार येत्यात, असं मोबाइलवर वाचलं. तुमी तर सांगितलं न्हाय. मग भरवसा कुणावर ठिवायचा?"

मी आधी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर. तिनं वाचली ती गोष्ट खरी आहे. तरुण वयात, विशेषतः सुरुवातीला आणि डोस बदलताना, काही जणांची बेचैनी वाढते, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणूनच लहान डोस आणि वरचेवर भेटी. मी भेटी दिल्या होत्या, कारण सांगितलं नव्हतं. घाबरून औषध बंद करतील, असा माझा हिशेब. आज दुप्पट डोस लिहिला असता आणि घरात कुणी तो पुरता दिला असता, तर जेमतेम चिमटीची सवय असलेल्या पोरीला तो एकदम बसला असता.

बाहेरचे पेशंट थांबवले आणि दोघींना सगळं समजावून सांगितलं. झोप उडाली, येरझाऱ्या सुरू झाल्या, चिडचिड वाढली, मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी फोन. औषध आईच्या कुलपात. मनानं बंद करायचं नाही. मग टरफलाचा प्रश्न. तेच औषध साध्या गोळीत मिळतं. मी तिथूनच फोन लावले; पहिले तीन केमिस्ट दोन दिवसांनी या म्हणाले, चौथ्याकडं मिळालं. सर्वांत लहान डोसपासून पुन्हा सुरुवात.

श्रेया दारापर्यंत गेली आणि वळली.

"म्हणजे मला औषध लागूच पडत न्हाय, असं न्हाय?"

"तू ते अजून नीट घेतलंच नाहीस, बाळ."

ती परत खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. औषधानंही आपल्यापुढं हात टेकले, असं ती सहा आठवडे धरून बसली होती.

दुसऱ्याच आठवड्यात आईचा फोन आला, पोरगी एका जागी बसंना झालीय. दुपारीच बोलावलं. डोस वाढवला नाही, एक दिवसाआड बघितलं, आठवड्याभरात बेचैनी उतरली. दोन महिन्यांनी श्रेया कॉलेजला जायला लागली. समुपदेशन आणि गोळी अजून चालू आहेत.

आता तरुण पेशंटच्या पहिल्या भेटीत हा धोका मी सगळ्यात आधी सांगते. काही आया घाबरतात. घाबरू देत. त्या फोन करतात.