शेगडीचं ब्रेक-इन आणि पहिलं दूध

शेगडी विझली होती, आणि सारसोळे गावातल्या त्या पडवीत बसलेल्या सासू-सुना दोघीही माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"आपोआप विझली," सूनबाई, वनिताताई, म्हणाल्या.

मी पेलेट शेगड्यांचा सर्व्हिस इंजिनियर. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, बोटाच्या पेराएवढ्या. खालून पंखा हवा देतो आणि त्या गॅससारख्या जळतात. नव्या शेगडीचं आधी ब्रेक-इन करावं लागतं. म्हणजे पहिला तासभर नुसता मंद जाळ, वर काही नाही. आतल्या भट्टीला सिमेंटचं अस्तर असतं, त्यातली ओल सावकाश निघायला हवी. तापलेल्या अस्तरावर गार-ओलं काही पडलं तर तडा जातो. तडा गेला की शेगडी बाद.

वनिताताईंची घरगुती खानावळ. त्या संध्याकाळी गल्लीतल्याच एका हळदीचं जेवण त्यांच्याकडे होतं, साठ पानं. त्यांची पहिली मोठी ऑर्डर. मोठा टोप घरच्या गॅसवर बसेना, म्हणून ही शेगडी घेतलेली. चार वाजता मटण चढवायचं होतं. आता बारा वाजले होते.

अर्ध्या तासापूर्वी जाळ झकास लागला होता. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सायेब, सकालपासून उपाशी हाव. आत बसा, दोन बोंबील खाऊन घ्या." चालू मशीन सोडून उठायचं नसतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. माझी अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. मी चार बोंबील खाल्ले.

आता वाकून भट्टीत बघितलं तर करपलेल्या दुधाचा वास. गोळ्यांचा लगदा झालेला. ओल लागली की त्यांचा परत भुसाच होतो. हवेची भोकं बुजून गेली होती.

"दूध कुणी ठेवलं?"

"कुठलं दूध?" सासूबाई म्हणाल्या.

"मांजर आलेली," वनिताताईंनी पुस्ती जोडली.

"मांजरीनं दूध तापवलं?"

वनिताताईंनी पदर तोंडाला लावला. सासूबाई मात्र माझ्यावरच उखडल्या. "नवी शेगडी हाय. पयलं दूध उतू नको घालवायला? तुमी घाटावरची मानसं काय तशीच जेवन चढवता?"

माझं डोकं सणकलं. "तासभर काही शिजवायचं नाही, असं तीनदा सांगितलं होतं मी."

"दूध काय शिजवतात? तापवतात."

मी ऑफिसला फोन लावला.

"तडा असेल तर वॉरंटी नाही," बॉस म्हणाले. "कस्टमर फॉल्ट लिही आणि शेगडी घेऊन ये."

"सर, संध्याकाळी साठ माणसं जेवायची आहेत."

"ते आपल्या मॅन्युअलमध्ये येत नाही."

फोन स्पीकरवर होता. वनिताताईंचं हसू पार मावळलं. "शेगडी नका नेऊ, सायेब. गल्लीत तोंड दाखवायला जागा नाय राहनार मला."

मग मी चमच्यानं लगदा उपसला, तारेनं भोकं मोकळी केली आणि टॉर्च लावून अस्तर तपासायला घेतलं. एका ठिकाणी रेघ दिसली. नखानं खरवडली तर निघाली. दुधाचा सुकलेला ओघळ होता. अस्तर शाबूत होतं. नव्या गोळ्या भरल्या, मंद जाळ लावला आणि ठाण मांडून शेगडीसमोर बसलो.

"तुमी घर घेतलं तवा दूध नाय उतू घालवलं?" सासूबाईंनी विचारलं.

ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही नव्याकोऱ्या इंडक्शनवर घालवलं होतं. ते तिथंच बंद पडलं. आणि सर्व्हिसवाल्याला मी काय सांगितलं होतं, ते इथं लिहीत नाही.

चारला टोप चढला. साठाची पासष्ट पानं उठली आणि मटण पुरून उरलं.

रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना होता. कस्टमर फॉल्ट लिहिलं असतं तर वॉरंटीवर पाणी पडलं असतं. मी लिहिलं, 'दूध कधी उतू घालवावं, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.'

बॉस दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग नक्की कधी घालवायचं?"

ब्रेक-इन झाल्यावर, अर्धी वाटी दूध, पातेल्याखाली पसरट ताट. मॅन्युअलच्या पान तीनवर आता छापलेलं आहे. गिऱ्हाईकाला आपल्या सूचना देण्याआधी त्याच्या घरच्या सूचना विचारून घ्याव्यात. खेप वाचते.