आत्याची वेगळी चूल

आमच्या आत्याला जगात कुणी नाही असं ठरलं, तेव्हा ती आमच्याच ओसरीवर बसून माझ्या वेण्या घालत होती. ठरवणारे माझे वडील होते, तिचे सख्खे धाकटे भाऊ. दोघंही हसत होते. मीही हसले, कारण घरात मोठी माणसं एखादी चलाखी करायला निघाली की मुलांना सणासारखं वाटतं.

बाबा जनवाड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना वाढवलं. ते तिला अक्का म्हणत आणि हेडमास्तरांपेक्षा जास्त भीत. आत्याचा नवरा लवकर वारला, पदरी मूल नव्हतं, आणि कमठाण्याच्या शिवारातलं नवऱ्याचं काळं रान तेवढं तिच्या नावावर राहिलं. ते रान वाट्याने लावून ती भावाकडे आली. आल्या दिवसापासून घर तिचं आणि आम्ही तिच्याकडे पाहुणे, असा एकंदर कारभार होता. आईचं तिच्याशी रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

मग आत्याला दम्याने धरलं. बिदरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. हे दुखणं आता जन्माचं आहे असं डॉक्टरने सांगितलं. बाबा काळजीत पडले. आपण आहोत तोवर ठीक, पण आपण आधी गेलो तर हिला कोण बघणार, आणि औषधासाठी रान विकलं तर पुढे काय, हे त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. त्याच सुमारास सरकारने निराधार म्हाताऱ्यांना महिन्याचा पगार सुरू केला होता. पोस्टमन घरी आणून द्यायचा. अट अशी की नावावर जमीन नको आणि सांभाळणारं माणूस नको. आत्याकडे दोन्ही होतं.

तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाने बाबांना वाट दाखवली. रान भावाच्या नावावर करा. म्हातारीचं आडनाव सासरचं आहे, तेव्हा कागदावर ती तुमची कुणी लागतच नाही. तिला वेगळी जागा द्या, वेगळी चूल मांडा, कारण साहेब आले की आधी चूल बघतात. एका चुलीवर जेवणारी माणसं एका घरातली, एवढा सरळ हिशेब. जाता जाता त्याने धाकही घातला. खोटं उघडं पडलं तर पगार बंद, रान सरकारजमा आणि मास्तरांची नोकरी जाईल. चौकशीला माणूस कधीही येतो, आणि न सांगता येतो.

गावातून कुणी चुगली करेल ही भीती नव्हती. अर्ध्या गावाने हेच केलं होतं. घरोघरी म्हाताऱ्या कागदोपत्री बेवारस होत्या आणि दुपारी नातवंडांना घेऊन झोपत होत्या.

रान बाबांच्या नावावर चढलं. गोठा रिकामाच होता. आईने तो सारवला, आत्याने स्वतःच्या हाताने तिथे मातीची चूल घातली. साहेब कानडीतून विचारतील म्हणून बाबांनी तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं. आमची आत्या कानडी बाजारापुरती बोलायची. "निमगं यारू इल्लेनु?" म्हणजे तुम्हाला कुणी नाही का, असं बाबा साहेबाच्या आवाजात विचारायचे आणि ती म्हणायची, "यारू इल्ल." कुणी नाही. पाठांतर बाबांची शाळा सुटल्यावर, म्हणजे नेमकं तिन्हीसांजेला चालायचं.

आई दिवा लावता लावता थबकली.

"अवो, सांजच्या पारी काय बोलायला लावायलात तिला? वास्तू तथास्तु म्हणती."

"आपल्या वास्तूला कानडी कुठं कळतंय?" बाबा म्हणाले.

आम्ही सगळे खो खो हसलो. आत्याला तर हसता हसता दम लागला. आई तेवढी हसली नाही. तिने दिव्याला हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी मागितलं. आम्ही सीमेवरची माणसं, घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी. कानडीतलं बोलणं हे कचेरीपुरतं असतं, ते घराला लागत नाही, असं आम्हाला खरोखरच वाटायचं. मला अजूनही वाटतं की आम्ही चुकलो ते इथे.

साहेब एका सकाळी आले, बरोबर तलाठी. मी अंगणात होते. आत्या गोठ्याच्या दारात बसली होती, फाटकं लुगडं, हातात रिकामी थाळी. असलं नाटक तिला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबाने विचारलं, तिने उत्तर दिलं. मग त्याने माझ्याकडे बोट केलं आणि ही मुलगी कुणाची म्हणून विचारलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. जिने मला न्हाऊमाखू घातलं होतं त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, जणू पहिल्यांदाच बघतेय.

"मास्तरची असंल," ती म्हणाली. "मला काय ठावं?"

काम झालं. आईने गूळ घालून शिरा केला आणि बाबा गोठ्यात बोलवायला गेले. मी त्यांच्या मागे होते.

"अक्का, चल आता घरात. साहेब गेले."

आत्या चुलीशी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, पदर सारखा केला आणि अनोळखी पुरुषाशी बोलावं तसं खाली बघत म्हणाली, "लई उपकार झाले मास्तर, जागा दिलीत. पर मी कुणाच्या घरात न्हाई शिरत."

बाबा हसले. "बास की आता. कामून थट्टा करायलीस?"

ती भाकरी उलटत राहिली. बाबांचं हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

दोन दिवसांत ताळ्यावर येईल असं आम्हाला वाटलं. आली नाही. पावसाळा गेला तरी ती गोठ्यातच. विस्तव लागला तर आमच्या चुलीतला न घेता पलीकडच्या गल्लीतून मागून आणायची. आईने ताट नेलं की पाया पडून घ्यायची आणि "कुणाच्या बाई तुम्ही? देव भलं करो," असा आशीर्वाद द्यायची. तो ऐकला की आई घरात येऊन रडायची. एरवी जिच्याशी भांडून घसा बसायचा, तिच्या आशीर्वादाने ती रडत होती. सगळ्यात वाईट म्हणजे, रोज तिन्हीसांजेला गोठ्यातून तेच दोन शब्द ऐकू यायचे. विचारणारं कुणी नसायचं. थोडा वेळ शांतता, जणू कुणी प्रश्न विचारतंय, आणि मग तिचं "यारू इल्ल". एकदा मला त्या शांततेत आमच्याच घराच्या भिंतीतून कुणीतरी "हूं" म्हटल्यासारखं वाटलं. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, तुला आज ऐकू आलं व्हय? मी पळत जाऊन पांघरुणात शिरले.

बाबांना मात्र वेडबिड काही मान्य नव्हतं. ते म्हणायचे, अक्का अशीच आहे. निजामाच्या अमदानीत लेव्हीचं धान्य वसूल करायला माणसं यायची, तेव्हा तिने ज्वारी पेवात पुरून ठेवली आणि घरात दाणा नाही म्हणून सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं. शेजारून उसनं आणून खाल्लं, पण माणसं परत फिरकणार नाहीत याची खात्री होईपर्यंत पेव उघडलं नाही. बाबा ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. सांगून झाल्यावर गोठ्याकडे बघत बसायचे.

भाऊबीज आली. आत्या विधवा असली तरी त्या दिवशी तिला ओवाळायला कुणी कधी अडवलं नव्हतं. बाबा न्हाऊन, टोपी घालून ओसरीवर पाटावर बसले. आईने रांगोळी काढली होती. संध्याकाळ झाली, चंद्राची कोर दिसायला लागली, आणि आत्या ताट घेऊन गोठ्यातून बाहेर आली. मी आनंदाने ओरडलेच. आत्या अंगणात मधोमध थांबली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तिने ताट वर उचललं आणि चंद्राला ओवाळलं. बाबा तिच्यापासून चार हातांवर पाटावर बसलेले होते. तिने अक्षता वर टाकल्या, त्या तिच्याच डोक्यावर पडल्या. मग ताट घेऊन ती आत गेली. बाबा पाटावरून उठेनात. शेवटी आईने त्यांना दंडाला धरून उठवलं.

त्यानंतर त्यांनी रान परत तिच्या नावावर करायचं काढलं. खड्ड्यात गेला पगार, म्हणाले. ते गोठ्यात गेले, तिच्यासमोर बसले, अक्षरशः हात जोडले. आत्या घाबरून मागे सरकली. "मास्तर, मला गरिबाला रान कुठलं? कुणी ऐकलं तर तुमच्यावर बालंट यील." ते तिचे पाय धरायला गेले, तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्यांच्यातलं काहीतरी त्या दिवशी मोडलं. ते वर्गात शिकवता शिकवता थांबायचे, असं त्यांच्या वर्गातली मुलं मला पुढे सांगत.

वर्षं गेली. मला आत्याचा राग यायचा, अगदी कडकडून यायचा. माझ्या जिभेला हाड नाही, त्यामुळे मी तिला गोठ्याच्या दारात उभी राहून वाट्टेल ते बोलून यायची. ती ऐकून घ्यायची, आणि पाणी हवं का म्हणून विचारायची. गावात नवीन सुना आल्या, बदलीची माणसं आली. ही नवी माणसं मला विचारायची, तुमच्याकडची ती म्हातारी कोण? सांगता सांगता मीच अडखळायची. एखादी गोष्ट रोज इतकी वर्षं नाही म्हटली, की ती खरंच होती का अशी शंका येते. मी बिदरला नोकरीला लागले तेव्हा मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं.

बाबा गेले ते नोकरीत असतानाच, सकाळी अंघोळीला जाता जाता. निरोप मिळाल्यावर मी मिळेल त्या गाडीने आले. अंगण माणसांनी भरलं होतं, शाळेची मुलं भिंतीला टेकून उभी होती. तलाठी खुर्चीवर बसला होता, हा नवीनच होता. बाबांना ओसरीवर ठेवलं होतं. मयत घरात असेपर्यंत घरची चूल पेटत नाही, आणि आमची विझलेलीच होती. पण गोठ्यातून धूर निघत होता. भरभरून, सणासारखा. बायका कुजबुजत होत्या. ज्याला अंगाखांद्यावर वागवलं त्या भावाचं मढं दारात आणि ही रांधतेय, म्हणाल्या. माझं डोकं फिरलं. मी तशीच आत घुसले, ते पातेलं लाथेने उडवायचं ठरवूनच.

पातेल्यात नुसतं पाणी होतं. उकळून उकळून तळाला गेलेलं. परातीत पीठ नव्हतं, कुठेच काही खरकटं नव्हतं. आत्या चुलीसमोर बसली होती, केस मोकळे सोडलेले, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. तिने तो काढला आणि माझा हात धरला.

"डोळे मिटलेत का गं त्याचे नीट?" ती अगदी हळू म्हणाली. "झोपला तरी अर्धे उघडे ऱ्हायचे पोराचे."

मी खाली बसले. आत्या, आत्या, एवढंच मला म्हणता आलं.

"हळू. तलाठी बसलाय बाहीर. सुतक पाळताना बघितलं त्यानं तर समदं उघडं पडंल. तुझ्या आईला त्याच्या नोकरीची पेन्शन लागायचीय अजून. खोटारड्या मास्तरची म्हणून अडवतील की गं माय." तिने आणखी एक काटकी चुलीत सारली. "धूर दिसू दे त्याला."

मी तिला मिठी मारली. कितीतरी वर्षांनी तिच्या अंगाचा वास आला, आणि ती माझ्या कानाशी श्वास कोंडून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग तिने मला दूर लोटलं, डोळे पुसले आणि अंगणाला ऐकू जाईल असं खणखणीत बोलली, "देवमाणूस व्हता बाई मास्तर. जावा, तुमच्या माणसांत जावा."

मी बाहेर आले. तलाठी भला माणूस दिसत होता. तो खुर्चीवरून उठला, गोठ्याकडे बघत त्याने मला हळू आवाजात विचारलं, "ही म्हातारी मास्तरांच्या नात्यातली का?"

ओसरीवर बाबा होते. आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "आमची कुणी नाही ती."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि त्याची मला भीती वाटली. तलाठ्याने मान हलवली, आणि माणसं बाबांना उचलायला पुढे झाली.