चार पानांवरचं रोप

रोपवाल्या मावशी लेकरांचं वय वर्षांत सांगत नसत, पानांत सांगत. पेडगावला त्यांचे मिरची-वांग्याच्या रोपांचे वाफे होते. कुणी मोठं बघून रोप मागितलं की त्या सरळ हाकलून देत. "ल्हानपनी हलवलेलं रोप जागा इसरतंय. थोराड झालेलं रुसून बसतंय."

वडिलांना कॅनडातल्या एका देवळात पुजारी म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी सोळा वर्षांचा आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा. निरोप घ्यायला गेलो, तर मावशी वडिलांना म्हणाल्या, "गुरुजी, धाकटं चार पानांवर हाय, मूळ धरंल. थोरलं मातर फुलावर आलंय. त्याला लय पानी लागंल." मला नुकतीच मिसरूड फुटली होती. मला ती स्तुतीच वाटली.

सहा महिन्यांत भाऊ तिथल्या पोरांशी त्यांच्याच बोलीत भांडू लागला. मी अजून वर्गाच्या दारात उभा राहून आत यायची परवानगीच मागत होतो. आज तो बँकेत मोठा साहेब आहे. मी गोदामात सात वर्षं खोकी भरली, परभणीला परतलो आणि 'कॅनडा रिटर्न सर' अशी पाटी लावून इंग्रजी बोलायचे क्लास काढले. जे तिथे बोलता आलं नाही, ते इथे शिकवू लागलो. कुणी विचारलंच, तर उत्तर तयार: मला उपटायलाच उशीर झाला!

मग माझ्या नर्स बायकोला तिकडे नोकरी लागली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. मी म्हणालो, "तिची दहावी होऊ दे, मग बघू." खरं दुखणं वेगळं होतं. तिकडे मला कुणी 'सर' म्हणणार नव्हतं. मावशी आपलीच बाजू घेतील या खात्रीने बायकोला घेऊन पेडगाव गाठलं, हा माझा शहाणपणा.

मावशी थोराड मिरचीचे शेंडे खुडत बसल्या होत्या. बायकोने नोकरीपासून पाटीपर्यंत सगळं सांगितलं.

"मावशी, माझ्या वयाचं रोप आता तिकडे मूळ धरतं का? तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"पानी लागंल म्हनले व्हते, मरंल न्हाई. उशिराच्या रोपाचा शेंडा खुडून लावावं लागतंय. तुजा कुनी खुडलाच न्हाई! लेकरू चार पानांवर हाय अन् तू पाटीला कवटाळून बसलास व्हय रं?"

बायको हसू दाबत वाफ्याकडे बघत राहिली. आठवड्यात पाटी उतरली.

सध्या मी कॅनडात पुन्हा खोकी भरतो. मुलगी जेवताना माझे उच्चार सुधारते. परवा फोन आला, मावशी गेल्या. खिडकीतल्या कुंडीत मिरचीची रोपं उगाच उंच वाढली होती. मुलीला जवळ बसवून एकेक शेंडा खुडून दाखवला.

"त्याला दुखत नाही का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"दुखतं गं," मी मराठीत म्हणालो, "मग फुटवे येतात."