एक जुलै वजा एक दिवस

"सुभाष, तुह्या मशीननं मले एक महिना जास्तीचा देल्ला ना रे!"

नारायण गुरुजी प्रिंटआउट हातात धरून लहान पोरासारखे हसत होते. मी नागपूरच्या कॉम्प्युटर सेंटरमधून ती लिस्ट घेऊन सौंसरच्या शिक्षण कार्यालयात आलो होतो. सौंसर तालुक्यातला कोणता शिक्षक कधी रिटायर होणार, याची लिस्ट. त्यात बोरगावकडच्या एका खेड्यातले हे हेडमास्तर एकतीस जुलैला सुटत होते. त्यांचा आनंद पगाराचा नव्हता. शाळा एक जुलैला उघडते. नातीचं नाव पहिलीत आपल्याच सहीनं घालायचं आणि मग घरी बसायचं, एवढीच त्यांची हौस होती.

समोरच्या टेबलावरचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या आधीचे हेडमास्तरही तुमच्यासारखेच एक जुलैच्या जन्मतारखेचे ना? ते तर तीस जूनला गेले."

मी लिस्ट पुन्हा चाळली. निम्मा तालुका एक जुलैचा होता.

यात नवल काही नाही. आमच्याकडे आईला तारीख ठाऊक नसायची. शाळेतले गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगा सहाचा झाला. मग सहा वर्षं मागे जाऊन गुरुजी शाळा उघडायचा दिवस जन्मतारीख म्हणून लिहीत. माझीही नारायण गुरुजींनीच लिहिली. त्या अंदाजी तारखेमुळेच मी शाळेत बसलो, शिकलो, नोकरीला लागलो. हे उपकार मी विसरलेलो नाही.

आता अडचण अशी. कॉम्प्युटरच्या आमच्या कोबोल भाषेला तारीख कळत नसे. तिच्या लेखी दिवस, महिना, वर्ष म्हणजे नुसते सहा आकडे. मला सांगितलेला नियम सोपा होता: निवृत्तीचं वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटी रिटायर. मी वर्षांची बेरीज केली आणि जन्माच्या महिन्याची अखेर गाठली. पण साहेबांनी समजावलं, सरकारी हिशोबात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं. म्हणजे आधी एक दिवस वजा करायचा. एक जुलैतून एक काढला की मशीन खुशाल शून्य जुलै सांगतं! आदला महिना कोणता, तो किती दिवसांचा, फेब्रुवारी असेल तर वर्ष कोणतं, हे सगळं त्याला हातानं शिकवावं लागे.

"दुरुस्त करून आणतो," मी म्हणालो.

"आणा. पण लिस्ट थांबवा," साहेब म्हणाले. "रिटायर झालेल्या माणसानं जुलैत सह्या केल्या, तर त्या पोरांचे दाखले उद्या कोण मानेल?"

आता गुरुजींकडे पाहायचं कसं? मीच त्यांचा महिना काढून घेत होतो.  गुरुजींनी प्रिंटआउटची नीट घडी करून माझ्या हाती दिली.

"काहून तोंड पाडून राहिला बे? बरं झालं आजच समजलं. पोरायचं नुकसान झालं असतं त मले झोप आली असती का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागावले असते, तर मला सोपं गेलं असतं.

दुरुस्त लिस्ट मी जूनमध्येच पोचवली. पुढच्या कामासाठी एक जुलैला पुन्हा सौंसरला गेलो. तिथून मुद्दाम गुरुजींची शाळा गाठली. गुरुजी नातीचं बोट धरून पालकांच्या रांगेत उभे होते. नव्या हेडमास्तरीण बाईंनी सवयीनं विचारलं, "जन्मतारीख एक जुलैच लिहू ना, गुरुजी?"

"नाही बाई. इची खरी लिहा. मी ध्यानात ठेवली हाय."

त्यांनी तारीख सांगितली. बाईंनी लिहिली, सही केली. गुरुजी समाधानानं बाजूला झाले आणि मागच्याला जागा दिली.

पुढे मी तारखांचे बरेच प्रोग्राम लिहिले. हाताखालच्यांना एकच सांगायचो: बेरीज-वजाबाकी मशीन करेल, तारीख कोणी आणि कशासाठी लिहिली ते आधी विचारा.